८५ टक्के आर्द्रता आणि उपाशी कोळी

"ताई, महिना होत आला, काही म्हणजे काही खात नाहीये. आर्द्रता बरोबर ८५ टक्क्यांवर ठेवलीय, दिवसातून दोनदा फवारतो, खाली हीट मॅटपण लावलीय. कात टाकायच्या बेतात असेल का?" असा निरोप आणि सोबत तीन धूसर फोटो. फोटो धूसर होते ते कॅमेऱ्यामुळे नाही. काचेला आतून वाफ धरली होती.

कोळी होता कॅरिबेना व्हर्सिकलर, म्हणजे अँटिलिस पिंक-टो, झाडावर राहणारी टॅरंटुलाची (मोठ्या केसाळ कोळ्याची) एक जात. पाय पसरून जेमतेम चार सेंटिमीटर. या जातीची पिल्लं गडद निळी असतात आणि वाढता वाढता पाठ हिरवी, पोट तांबूस-जांभळं होत जातं. हा त्या मधल्या टप्प्यावर होता. २०१७ पर्यंत ही जात अ‍ॅव्हिक्युलेरिया वंशात धरली जायची, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत ती त्याच नावाखाली सापडते. पाळणारा मुलगा कॉलेजात शिकणारा, काळजी घेणारा. जमिनीवर राहणारा टॅरंटुला त्याने आधी व्यवस्थित वाढवला होता, झाडावरचा हा पहिलाच. अशा प्रकरणांत निष्काळजीपणा सहसा नसतोच. उलट काळजी जास्त असते, आणि ती एखाद्या आकड्याला चिकटून बसलेली असते. इथे तो आकडा होता ८५.

पेटी प्रत्यक्ष पाहिली तेव्हा आधी नजरेत भरलं ते जाळं नसणं. व्हर्सिकलर हा जाळं विणण्यात हात आखडता घेणारा कोळी नव्हे. नव्या जागी रुळला की फांदी, पानं, भिंत यांना जोडून तो दाट पांढरी नळी विणतो आणि बहुतेक वेळ तिच्यातच राहतो. महिनाभर एकाच पेटीत असलेल्या व्हर्सिकलरकडे नळी नसेल तर काहीतरी बिघडलंय हे धरूनच चालावं, मग तो खात असो वा नसो. इथे झाकणाच्या कडेला तुटलेल्या धाग्यांचे पुंजके तेवढे लोंबत होते.

बाकीचं चित्र असं: वरून उघडणारी उभी काचेची बरणी, हवेसाठी फक्त झाकणाला सहा-सात बारीक भोकं. तळाला चार बोटं कोकोपीट, इतकं ओलं की मुठीत दाबलं तर पाणी निथळावं. त्यावर ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे शेवाळ. मध्ये लाकडाची एक बारीक काटकी, तिच्या बुंध्याशी पांढरी बुरशी. पाणवाटी नाही, कारण "फवारतोच की". एक मोठा रातकिडा मॉसमध्ये मोकळा फिरत होता. तो कधी सोडला होता हे त्या मुलालाही नीट आठवेना. कोळी झाकणाला आतून चिकटून, बरोबर भोकांच्या खाली, सगळे पाय अंगाशी घेऊन बसलेला.

त्याची बसण्याची जागा महत्त्वाची होती. टॅरंटुलाला पोटाच्या खालच्या बाजूला पुस्तक-फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, म्हणजे एकूण चार फुप्फुसं. आपल्यासारखं छाती फुगवून हवा आत ओढणं त्याला जमत नाही. पातळ पदरांमधून हवा आपोआप जेवढी आत-बाहेर होईल तेवढीच त्याची. कोंदट, ओल्या, बुरशी धरलेल्या डब्यात असा प्राणी हवा जिथे थोडी हलते तिथे जाऊन बसणारच.

कात की दुसरं काही

मुलाचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नव्हता. कात टाकण्याआधी टॅरंटुला खाणं सोडतो, तेही कधी काही आठवडे. पण त्या वेळी पोट टपोरं आणि ताणलेलं असतं, रंग मळकट पडतो, आणि झाडावरचे कोळी नळीचं तोंड विणून बंद करून आत बसतात. इथे उलट होतं. पोट पाठीच्या कवचापेक्षाही लहान, मागच्या बाजूला किंचित सुरकुतलेलं. भरल्या पोटाने उपास धरणारा कोळी आणि रिकाम्या पोटाने उपाशी राहणारा कोळी यांत हा फरक असतो, आणि तो ओळखायला भिंग लागत नाही.

मग बाकीच्या शक्यता. तोंडाशी पांढरा चिकट स्राव किंवा कुजका वास असला तर नेमाटोडचा, म्हणजे सूक्ष्म परजीवी कृमींचा, संशय घ्यावा लागतो. तसं नव्हतं. दातांच्या मुळाशी माइट्स, म्हणजे बारीक गोचिडांसारखे जीव, नव्हते. चालताना पाय झटकणं, अडखळणं, थरथरणं दिसलं की कीटकनाशक लागल्याची शंका येते, विशेषतः किडे बागेतून पकडून आणलेले असले तर. तेही नव्हतं, रातकिडे पाळीव पैदाशीचे होते. आठही पाय शाबूत.

राहिली पेटी. हे मला नंतरही खटकत राहिलं, की इतक्या ओल्या डब्यात कोळ्याचं पोट सुकलं कसं? उत्तर सोपं आहे, फक्त मनाला पटायला वेळ लागतो. हवेतली ओल म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे. टॅरंटुला तोंड लावून पाणी पितो, शिवाय बरंचसं पाणी त्याला भक्ष्यातून मिळतं. हा खात नव्हता, पाणवाटी नव्हती, आणि फवाऱ्याचे थेंब काचेवर खाली पडत असताना तो वर भोकांशी चिकटलेला. पोटातलं पाणी कमी झालं की चालण्यावरही परिणाम होतो, कारण कोळ्याचे पाय आखडतात स्नायूंनी, पण लांबतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. पाय पोटाखाली मुडपून निपचित पडलेला कोळी बहुधा तो दाब गमावलेला असतो. हा अजून त्या पायरीला आलेला नव्हता.

हीट मॅटने या सगळ्यात भर घातली होती. खालून गरम केलं की कोकोपीटमधलं पाणी वर येतं आणि थंड काचेवर जमतं. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर खूश, कोळी बेजार. त्यात तो काट्याचा स्वस्तातला हायग्रोमीटर ओल्या काचेलाच चिकटवलेला होता. तो स्वतःभोवतीच्या इंचभर हवेचं सांगत होता.

आणि फवारा. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो ओलीपेक्षा झाकणाशी निगडित आहे. झाडावरचा कोळी पेटीत उंच जागा धरतो, म्हणजे जाळ्याचे पहिले धागे झाकणाला बांधतो. झाकण वर उघडणारं असेल तर प्रत्येक वेळी ते उघडणं म्हणजे घराचं छप्पर उचकटणं. दिवसातून दोनदा फवारायचं म्हणून दिवसातून दोनदा झाकण निघत होतं. कोळी रात्री बांधायचा, सकाळी ते तुटायचं. आसरा नसलेला कोळी शिकारीला बसत नाही. आर्द्रतेचा आकडा राखायच्या नादात आसरा गेला, आसऱ्याबरोबर खाणं गेलं, आणि खाण्याबरोबर पाणी.

पाळणाऱ्यांत 'सडन अ‍ॅव्हिक्युलेरिया डेथ सिंड्रोम' असा एक शब्द फिरतो: पिल्लू काल ठीक होतं, आज मेलेलं सापडलं. हा कुठला निदान झालेला आजार नव्हे. अशा गोष्टींच्या तळाशी गेलं की पुन्हा पुन्हा कोंदट डबाच सापडतो. कॅरिबियनमधलं मार्टिनिक हे या जातीचं मूळ बेट. तिथली हवा दमट आहे खरी, पण बेटावर व्यापारी वारे वाहतात आणि कोळी राहतो झाडावर, जमिनीपासून वर. माहितीपत्रकात दमटपणाचा आकडा येतो, वारा येत नाही.

नवी पेटी

बरणी दुरुस्त करत बसण्यात अर्थ नव्हता. समोरून दार उघडणारी अ‍ॅक्रिलिकची पेटी घेतली: तळ दहा बाय दहा सेंटिमीटर, उंची अठरा. चार सेंटिमीटरच्या कोळ्याला एवढी पुरते. याहून फार मोठी घेतली तर किडा एका टोकाला आणि कोळी दुसऱ्या टोकाला, अशी दोघांची चुकामूक होत राहते.

हवेची भोकं आमनेसामनेच्या भिंतींवर पाडली: डावीकडे खालच्या बाजूला दोन ओळी, उजवीकडे वरच्या बाजूला दोन ओळी. म्हणजे हवा खालून शिरून तिरकी वर निघते. फक्त झाकणाला भोकं ठेवली की खालची हवा तिथेच बसून राहते. भोकाच्या मापाचा नियम असा, की कोळ्याचं पोट दबतं, पाय दुमडतात, पण पाठीचं कवच दबत नाही. कवच ज्यातून जाईल त्यातून अख्खा कोळी जातो. आम्ही दोन मिलिमीटरची भोकं धरली. दाराची फटही त्याच हिशेबाने तपासली. वरची बाजू भोकांऐवजी तारेच्या जाळीची करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. त्या जाळीत पायाच्या टोकाची नखं अडकतात, कोळी लटकतो आणि पाय गमावतो. प्लॅस्टिकची जाळी तर तो दातांनी फाडूही शकतो.

कॉर्कच्या सालीचा अर्ध्या नळीसारखा तुकडा मागच्या भिंतीला किंचित तिरका टेकवला, वरचं टोक छतापासून दोन-तीन बोटं खाली. टोकाभोवती प्लॅस्टिकची पानं दाटीने लावली. ही पानं शोभेची नाहीत. नळी विणायला कोळ्याला जवळजवळ असलेले बरेच टेकू लागतात, आणि उघड्या गुळगुळीत भिंती त्याच्या फारशा कामाच्या नसतात. दाराजवळचा भाग मुद्दाम मोकळा ठेवला. तिथे टेकूच नसेल तर जाळं दाराला बांधलं जाण्याची शक्यता कमी, आणि दार उघडलं तरी घर शाबूत.

तळाला तीन सेंटिमीटर कोकोपीट, कोरडं. हे पाहून मुलगा हबकला. "ताई, एकदम कोरडं? मरेल ना." त्याला पाणवाटी दाखवली: बाटलीच्या झाकणाएवढी, उथळ, काठोकाठ भरलेली. पेटीतली ओल आता एवढ्यावरूनच येणार होती, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी पानांवर टाकलेल्या दोन-चार थेंबांवरून. वाटीत स्पंज वगैरे काही नाही, त्यात नुसती घाण साठते. हीट मॅट काढून टाकली. खोलीचं तापमान पंचविशीच्या आसपास होतं आणि त्या तापमानात माणूस जसा आरामात राहतो तसाच हा कोळीही राहतो. हायग्रोमीटर मी फेकायला सांगितला नाही, फक्त कपाटावर ठेवायला सांगितला.

कोळी हलवायचं काम जमिनीवर बसून केलं, जुनी बरणी आणि नवी पेटी दोन्ही एका मोठ्या पारदर्शक टबात ठेवून. झाडावरचे कोळी उडी मारतात आणि क्षणात हाताच्या अंतरावर पोचतात. टेबलावर हे काम करू नये. कोळी झाकणाला होता, त्यामुळे त्याच्यावर प्लॅस्टिकचा पेला ठेवला, मधून पुठ्ठा सरकवला, पेला नव्या पेटीत आडवा केला आणि मागच्या पायांना मऊ ब्रशचा हलका स्पर्श. तो तडक सालीवर चढला, जाता जाता पेल्याच्या भिंतीवर विष्ठेची एक पिचकारी सोडून. ही या गटाची संरक्षणाची सवय आहे आणि नेम बरा असतो. हातावर घेण्याचा प्रश्नच नव्हता. पोटावरचे केस टोचले तर कातडीला खाज सुटते आणि डोळ्यात गेले तर प्रकरण वेगळं होतं. कोळ्याला हाताळून घेण्यात काही मिळत नाही, ही हौस फक्त माणसाची.

खाऊ घालणं

पहिल्या आठवड्यात काही द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. मुलाला हे सगळ्यात जड गेलं. उपाशी जीव समोर आणि आपण हात बांधून बसायचं. पण आसरा नसताना सोडलेला किडा म्हणजे अन्न नव्हे, अंगावर चालून येणारा त्रास. आधी जाळं, मग जेवण.

पहिल्याच रात्री कोळी पाणवाटीशी उतरला. मुलाने व्हिडिओ पाठवला: पुढचे पाय वाटीच्या काठावर, तोंड पाण्यात, आणि मग बराच वेळ काहीच हालचाल नाही. तो घाबरला होता, बुडाला की काय. तो पीत होता. दोन-तीन दिवसांत पोटाच्या सुरकुत्या गेल्या, आणि आठवडा संपायच्या आत पानांमागे पांढुरकं अस्तर दिसायला लागलं. ते नळीचं रूप धरेपर्यंत थांबलो.

भक्ष्याचं माप कोळ्याच्या पोटाएवढं किंवा त्याहून लहान. बरणीतला तो रातकिडा या कोळ्याच्या जवळपास दुप्पट होता, म्हणजे कोण कोणाला खाणार हा प्रश्नच होता. आता लहान रातकिडा घेतला, डोकं चिमट्याने दाबून मारलेला. उपासातून उठणाऱ्या किंवा अगदी लहान कोळ्याला मेलेलं भक्ष्य चालतं. टॅरंटुला मेलेलं खात नाही ही समजूत पिल्लांच्या बाबतीत तर मुळीच खरी नाही. संध्याकाळी दिवा मंद करून किडा नळीच्या तोंडाशी जाळ्यावर अलगद सोडायचा. चिमट्याने कोळ्याला ढोसायचं नाही. जाळ्यावर काही पडलं की धाग्यांतून ते त्याला कळतंच.

पहिल्या वेळी नकार. सकाळी किडा काढून टाकला. पुढच्या खेपेला नळीच्या तोंडातून आधी दोन पाय बाहेर आले, धागा चाचपला, आणि मग किडा आत गेला. दुसऱ्या दिवशी पाणवाटीशेजारी मिरीएवढा काळा गोळा पडलेला. कोळी चावून गिळत नाही. पाचक रस सोडून मांस विरघळवतो, द्रव शोषतो आणि उरलेला चोथा टाकून देतो. हा गोळा दिसला की जेवण झालं असं समजावं, आणि तो उचलून टाकावा, कारण बुरशी आणि माइट्स आधी तिथेच धरतात.

तिथून पुढे आठवड्याला एक किडा, मग हळूहळू जिवंत. जिवंत द्यायचा तर वर चढणारा द्यावा. दुबिया झुरळं कोकोपीटमध्ये गडप होतात, मीलवर्मही खाली घुसतात, आणि वरच्या नळीत बसलेल्या कोळ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. लहान रातकिडे आणि रेड रनर झुरळं वर फिरतात. माश्या मिळाल्या तर झाडावरच्या कोळ्यासाठी फारच छान. किड्यांना आधी दिवसभर गाजर वगैरे खाऊ घालावं, कारण त्यांच्या पोटात आहे तेच पुढे जातं. न खाल्लेला जिवंत किडा एका दिवसाच्या वर पेटीत ठेवायचा नाही. कात टाकत असलेला कोळी मऊ आणि असहाय असतो, आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडतो.

किती द्यायचं याला वेळापत्रकापेक्षा पोट बरं. पोट कवचाहून थोडं मोठं दिसलं की अंतर वाढवावं. कोळी लवकर वाढावा म्हणून दिवसाआड खाऊ घालण्याचा प्रकार काही जण करतात. त्याने वाढ होते खरी, पण नर असेल तर त्याचं मुळातच छोटं आयुष्य आणखी लवकर संपतं, आणि अति फुगलेलं पोट उंचावरून पडल्यावर फुटण्याचा धोका असतो.

यानंतर कोळी पुन्हा खायचा थांबला. मुलाचा फोन आला, आवाजात तीच धास्ती. या वेळी मात्र पोट टपोरं होतं, रंग मळका, आणि नळीचं तोंड विणून बंद. किडा काढ, पाणवाटी भरलेली ठेव, पेटी हलवू नकोस, एवढंच सांगितलं. काही दिवसांनी नळीच्या तोंडातून कुस्करलेल्या चिंधीसारखी कात बाहेर ढकललेली सापडली. नव्या कातडीतले दात आधी पांढरे, मग तांबूस, मग काळे होतात. काळे होऊन घट्ट होईपर्यंत खायला द्यायचं नाही. या मापाच्या कोळ्याला साधारण आठवडा जातो.

कात पाण्यात साबणाचा थेंब घालून भिजवली आणि ब्रशने उलगडली. पोटाच्या आतल्या बाजूला, पुढच्या फुप्फुसांच्या जोडीच्या मध्ये, भिंगाखाली छोटी घडी दिसली: शुक्रकोश, म्हणजे नराचं वीर्य साठवायची पिशवी. म्हणजे मादी. मादी दहा वर्षांच्या आसपास किंवा जास्तही जगू शकते, त्यामुळे पेटीचा विचारही लांबचा करावा लागतो.

एक प्रश्न तरी उरतोच. बरणीतला उपास पूर्णपणे कोंदटपणामुळे होता, की मोडलेल्या जाळ्यामुळे, की मोठ्या रातकिड्याच्या भीतीने? आम्ही सगळं एकदम बदललं, त्यामुळे यातलं एकेक वेगळं काढता येत नाही. आजारी वाटणाऱ्या प्राण्यावर एकेक बदल करून पाहत बसणं मला योग्य वाटलं नाही. माझा कौल जाळ्याकडे आहे, कारण पाणी पहिल्या रात्रीच मिळालं, हवा पहिल्या दिवसापासून खेळती होती, तरी पहिला किडा नळी पूर्ण झाल्यावरही एकदा नाकारला गेला आणि मगच घेतला. पण हा कौल आहे, पुरावा नव्हे.

सध्याची पेटी अजून एक-दोन काती पुरेल. मग वीस बाय वीस बाय तीस सेंटिमीटरची, पुन्हा समोरून उघडणारी, आणि हलवताना साल जाळ्यासकट उचलून नव्या पेटीत ठेवायची म्हणजे तिला सगळं पहिल्यापासून विणावं लागणार नाही. मुलाने ती पेटी आत्ताच आणून ठेवली आहे आणि भोकं कुठे पाडायची याच्या खुणा मार्करने करून मला फोटो पाठवला आहे. खालच्या ओळी त्याने दोन्ही बाजूंना काढल्या होत्या. उजवीकडच्या वर घ्यायला सांगितल्या.